मेणवलीचा वाडा

ऐतिहासिक वाडा पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा एकाच नांवाची चौकशी करतो. बांधणारा कोण हें कळलें कीं त्याचें समाधान होतें. त्या भिंतींच्या आड प्रत्यक्ष दिवस कोणीं काढले, तिन्हीसांजेस दिवा कोणाच्या हातून लागत होता, हा विचार त्याला सुचत नाहीं. मेणवलीचा वाडा नाना फडणिसांचा म्हणून सर्वश्रुत आहे, व तो त्यांनींच बांधला यांत शंका नाहीं. परंतु वाडा पाहून आल्यावर जों जों आम्ही त्याचा इतिहास चाळूं लागलों, तों तों आमची अशी खात्री होत गेली कीं, नाना या वाड्याचे धनी होते खरे, पण रहिवासी फारसे नव्हते. रहिवासी म्हणून कोणाचें नांव घ्यावयाचें तर तें त्यांच्या मागें राहिलेल्या जिऊबाईचें घ्यावें लागेल. आणि तिच्या जोडीला, माणसांत जमा करतां येत नसले तरी, त्या घरांत पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवलेले कागदांचे रुमाल.

वाई गांवांतून निघून कृष्णेच्या कडेकडेनें धोमच्या वाटेला लागलें म्हणजे सुमारें ३ किलोमीटरांवर मेणवली लागते. वर धोमचें धरण झाल्यापासून येथील नदीचें पाणी पावसाइतकेंच धरणाच्या मर्जीनेंहि चढतें-उतरतें. पेशवाईंत या मुलुखावर रास्त्यांचें वजन होतें. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही रास्त्यांच्या घरची. वाईचा प्रसिद्ध ढोल्या गणपति गणपतराव भिकाजी रास्ते यांनींच १७६२ मध्यें बांधविला. पुण्याच्या कारभारी मंडळींस अशी जागा मानवणें स्वाभाविक होतें. कृष्णेसारखी पुण्यनदी, पाठीशीं सह्याद्रि, पुण्याहून अंतर बेताचें, आणि प्रसंग पडला तर घांट उतरून कोंकणांत जाण्याची सोय. हा शेवटचा मुद्दा पुढें नानांच्या कसा उपयोगीं पडला तें ओघानें येईलच. मेणवली गांव त्यांस औंधचे भवानराव त्रिंबक प्रतिनिधि व साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून १७६८ मध्यें मिळालें. त्या वेळीं नानांचें वय अवघें २६ वर्षांचें होतें. थोरले माधवराव पेशवेपदावर होते व नाना फडणिशी सांभाळीत होते. फडणीस हें आज आडनांव होऊन बसलें आहे, त्या काळीं तो हुद्दा होता. राज्याच्या जमाखर्चाचा आंकडा ज्याच्या नजरेखालून गेल्यावांचून पक्का होत नसे असा तो अधिकारी. वाडा पाहतांना हें ध्यानांत ठेविलेलें बरें, कारण हिशेबी माणसाचें घर कसें असावें याचा तो नमुनाच आहे.

बाहेरून पाहणाऱ्यास हा वाडा कांहींच दाखवीत नाहीं. उंच व जाड भिंती, मोजक्या खिडक्या, भक्कम दरवाजा, एवढेंच. इंग्लंडांतील उमरावांचीं घरें विस्तीर्ण हिरवळीच्या मधोमध उभीं असतात व शेंकडों खिडक्यांनीं येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत असतात. आपलें वैभव दुरून दिसावें हाच त्यांचा हेतु. आमच्याकडील वाडा जगाकडे पाठ करून बसतो व आपलें सर्व लक्ष आंतल्या चौकाकडे लावतो. मेणवलीस असे सहा चौक आहेत. एकांतून दुसऱ्यांत जावें तसा प्रकाश बदलतो, आवाज कमी होतो, आणि परका मनुष्य कोठवर यावा याची अदृश्य रेघ कोठें ओढलेली होती याचा अंदाज येऊं लागतो. सागवानी खांब व तुळया अजून मजबूत आहेत. भिंतींच्या जाडींत दडविलेले जिने इतके अरुंद कीं एका वेळीं एकच मनुष्य चढूं शकेल. वरून कोणी काठी घेऊन उभा राहिला तरी दहा जणांस अडवील. कांहीं भिंतींवर देवादिकांचीं रंगीत चित्रें आहेत. नानांचा म्हणून एक पलंग दाखवितात, आणि प्रेक्षकांची गर्दी स्वभावतःच त्या पलंगापाशीं होते.

मागच्या अंगास नदी. येथील अर्धचंद्राकार घाट ही मेणवलीची खरी शोभा. २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'स्वदेस' या हिंदी चित्रपटांत हा घाट सर्व देशानें पाहिला असल्यामुळें तरुण मंडळी येथें येतांच नटाचें नांव घेतात व नानांचें नांव त्यांस मागाहून सांगावें लागतें. आम्हांस याचें वाईट वाटत नाहीं. कोणत्या का वाटेनें होईना, मनुष्य येथवर येतो. घाटावर मेणेश्वराचें व विष्णूचें अशीं दोन देवालयें आहेत, आणि मेणेश्वराजवळ दगडी बांधकामांत टांगलेली एक प्रचंड घंटा आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृति उठविलेली आहे. चिमाजी आप्पांनीं १७३९ मध्यें पोर्तुगिजांपासून वसई घेतली तेव्हां तेथील चर्चांतील ज्या घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या त्यांपैकीं ही एक. नाशकास नारोशंकराच्या देवळांत व भीमाशंकरास तिच्या बहिणी आहेत. विजयाची खूण म्हणून आणलेली वस्तु, पण आणणाऱ्यांनीं ती वितळविली नाहीं, आकृतिहि घासून टाकली नाहीं, देवापुढें टांगली. यावरून जुन्या लोकांच्या मनाच्या मोठेपणाविषयीं व्याख्यान देण्याचा मोह कित्येकांस होतो. आम्ही एवढेंच म्हणूं कीं, चांगली घंटा फुकट घालवूं नये इतका व्यवहार त्यांजपाशीं होता.

आतां नानांकडे वळूं. १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं साताऱ्यास त्यांचा जन्म झाला. एकोणिसाव्या वर्षीं पानिपत. तेथें ते लढवय्ये म्हणून गेले नव्हते. उत्तरेकडील तीर्थें घडावीं म्हणून आईसह सैन्याबरोबर निघाले होते. परत आले तेव्हां आई नव्हती. त्या पळापळींत ती हरपली ती कायमचीच. हा सर्व प्रसंग त्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविला आहे. आपली भीति व आपले मनोविकार इतक्या उघडपणें कागदावर मांडणारा दुसरा मराठी मुत्सद्दी आमच्या वाचनांत नाहीं. पुढें जॉन ब्रिग्ज यानें त्याचें इंग्रजींत भाषांतर केलें. त्यानंतर मात्र नानांनीं स्वतःविषयीं लिहिणें सोडलें आणि राज्याविषयीं लिहिण्यास आरंभ केला. १७७३ मध्यें नारायणरावांचा खून झाला. १७७४ मध्यें बारभाईंचें कारस्थान उभें राहिलें. मग पुरंदरचा तह, वडगांव, १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई. या पंचवीस वर्षांत ज्याच्या मेजावर दिल्ली, हैदराबाद व श्रीरंगपट्टण येथील वकिलांचीं पत्रें येऊन पडत होतीं, तो मनुष्य कृष्णाकांठीं निवांत कधीं व किती बसला असेल याचा वाचकांनींच अंदाज करावा. त्याचें घर म्हणजे पुणें.

मेणवलीच्या बाजूस ते खऱ्या अर्थानें आले ते संकटांत. ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवरावांचा अंत झाला व वारसाचा प्रश्न निघाला. पुढच्या वर्षभरांत परशुरामभाऊ पटवर्धन, बाळोबा तात्या व दौलतराव शिंदे यांचे डाव एकमेकांवर असे कांहीं उलटले कीं, नानांस पुणें सोडावें लागलें. ते साताऱ्यास गेले, तेथून वाईस आले, आणि येथेंहि आपल्याला धरण्याचा बेत आहे असें दिसतांच प्रतापगडाच्या बाजूनें घांट उतरून महाडास जाऊन राहिले. तेथून त्यांनीं पत्रांच्याच जोरावर सारा पट पुन्हां फिरविला व १७९६ संपण्यापूर्वीं ते परत कारभारी झाले. नानांस भित्रे म्हणणाऱ्यांनीं हें एक वर्ष बारकाईनें वाचावें. पण सुख नव्हतें. १७९७ च्या अखेरच्या दिवशीं शिंद्यांच्या फिरंगी सरदारानें दगा करून त्यांस पकडलें, अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेविलें. १७९८ मध्यें सुटका झाली, आणि १३ मार्च १८०० रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. पुण्यांतील इंग्रज रेसिडेंट पामर यानें त्या वेळीं लिहिलें कीं, मराठी राज्यांतील शहाणपण व नेमस्तपणा नानांबरोबरच गेला. शाळेच्या पुस्तकांत नानांचा धडा बहुधा येथें संपतो. मेणवलीच्या वाड्याचा धडा मात्र येथें सुरू होतो.

नानांनीं एकंदर नऊ लग्नें केलीं. वंश चालविणारें मूल मागें राहिलें नाहीं. मृत्युसमयीं दोन पत्नी हयात होत्या. त्यांपैकीं बगाबाई थोड्याच दिवसांत वारली. उरली जिऊबाई; तिचें वय नऊ वर्षांचें. नवरा अठ्ठावन्नाव्या वर्षीं जातो आणि विधवा नऊ वर्षांची! त्या काळची रूढिच तशी, असें म्हणून पुढें जाणारे लेखक पुष्कळ आहेत. उलट पक्षीं, १९७२ मध्यें रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल' नाटकानें नानांचें जें चित्र लोकांच्या मनांत उभें केलें, तेंच इतिहास समजून बोलणारेहि आतां कमी नाहींत. आम्हांस दोन्ही बाजूंशीं कर्तव्य नाहीं. रूढि होती हें खरें, नानांस पुत्राची आशा होती हेंहि खरें. परंतु त्या आशेची किंमत ज्या मुलीनें दिली तिचें नांवहि न घेतां नानांचें चरित्र पुरें करणें हा अर्धा हिशेब झाला, आणि अर्धा हिशेब खुद्द नानांनीं कधींच मान्य केला नसता.

नानांनीं अगणित द्रव्य कोठें तरी पुरून ठेविलें आहे, अशी त्या वेळीं सर्वत्र समजूत होती. शेवटच्या बाजीरावाची तर ती श्रद्धाच होती. विधवेस दत्तक घेऊं दिलें तर मिळकतीला वारस उभा राहणार. म्हणून दत्तकाचें नांव नको, मिळकत जप्त, मेणवली जप्त, आणि जिऊबाई शनिवारवाड्यांत नजरेखालीं. ज्या वाड्यांत नानांनीं दोन पेशव्यांची राखण केली, त्याच वाड्यांत त्यांची बालविधवा अटकेंत राहिली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें हडपसराजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला, आणि त्या धामधुमींत होळकरानें जिऊबाईस सोडवून लोहगडावर पाठविलें. होळकराविषयीं पुण्यांत वाईट आठवणी पुष्कळ आहेत. ही एक चांगली गोष्ट त्याच्या खात्यावर मांडली पाहिजे.

लोहगडावर धोंडो बल्लाळ निजसुरे हा नानांचा माणूस होता. नानांनीं १७८९ मध्यें त्याच्याच हस्तें गडावर बाव बांधविली होती. धनी गेला, कारभार गेला, तरी या गृहस्थानें गड सोडला नाहीं व धन्याच्या विधवेस पेशव्याच्या स्वाधीन केलें नाहीं. मराठी इतिहासांत स्वामिनिष्ठेचीं उदाहरणें रणांगणावरचीं तेवढीं आपण पाठ करतों. अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीसाठीं, जिच्यापासून कांहींएक मिळण्यासारखें नव्हतें, गडाचे दरवाजे लावून बसलेल्या या किल्लेदाराची गणना कोणी करीत नाहीं. शेवटीं इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली मध्यें पडला. निजसुरे यानें गड खालीं करून ठाण्यास जावें, जिऊबाईनें इंग्रजांच्या आश्रयाखालीं पनवेलीस राहावें, तिला सालीना १२,००० रुपयांची नेमणूक असावी, असें ठरलें. जप्त झालेली मेणवलीहि वेलस्लीच्याच मध्यस्थीनें १८०४ मध्यें तिला परत मिळाली. पनवेलीस वेलस्ली तिला भेटला. मुलगी फार गोरी व देखणी असून, जिच्यासाठीं तह करावा अशीच ती आहे, अशा अर्थाचें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें ड्यूक झालेल्या व वॉटर्लूस नेपोलियनचा पराभव करणाऱ्या या सेनापतीची ही थट्टा निरुपद्रवी आहे. पण तेरा वर्षांच्या विधवेविषयीं दोन सरकारांत करारमदार व्हावे लागले यांत थट्टेचें कांहीं नव्हतें.

नानांच्या घरच्या माणसानें इंग्रजांच्या दारांत जावें ही गोष्ट आमच्या कित्येक इतिहासप्रेमी मित्रांस बोंचते, व म्हणूनच कीं काय ती गाळली जाते. नानांनीं जन्मभर इंग्रजांस हातभर अंतरावर ठेविलें, ही त्यांची थोरवी. पण ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह करून सगळें राज्य इंग्रजांच्या पदरांत घातलें तें कोणीं? ज्या पेशव्यानें तें घातलें तोच या मुलीच्या पाठीस लागला होता. घरच्या धन्याच्या हातून सुटावयाचें तर परक्याचा आश्रय घ्यावयाचा, यापलीकडे तिसरा मार्ग तिच्यापुढें नव्हता. आणि आमच्या मतें, पेशवाई कां बुडाली याचीं जीं मोठमोठीं कारणें देण्यांत येतात, त्यांत या एका लहान कारणासहि जागा असावी. स्वतःच्या उत्तम सेवकाच्या विधवेस जें राज्य निर्भयपणें नांदूं देत नाहीं, त्यासाठीं दुसऱ्या सेवकानें प्राण कां द्यावा?

जिऊबाई पनवेलीस राहिल्या तों १८१८ साल उजाडलें व पेशवाई संपली. बाजीराव सालीना आठ लक्षांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्तास गेला, आणि जिऊबाई बारा हजारांवर मेणवलीस आल्या. तेव्हां त्यांचें वय सत्तावीसच्या सुमारास असावें. पुढें त्यांनीं दत्तकहि घेतला. ज्या दत्तकास पेशव्यानें हरकत केली, त्याला परक्या सरकारच्या अंमलांत मोकळीक मिळाली. १८५४ मध्यें त्या वारल्या. म्हणजे या वाड्याशीं त्यांचा संबंध छत्तीस वर्षांचा. नानांचें सबंध कारभारीपणहि इतकें लांब नव्हतें. या छत्तीस वर्षांत काय काय होऊन गेलें पाहा. साताऱ्याचें छत्रपतींचें राज्य १८४८ मध्यें खालसा झालें. बाजीराव १८५१ मध्यें ब्रह्मावर्तास वारला. वेलस्ली १८५२ मध्यें विलायतेंत मरण पावला. १८५३ मध्यें मुंबई व ठाणें यांच्यामध्यें आगगाडी धांवली. ज्यांनीं छळलें ते गेले, ज्यांनीं वांचविलें तेहि गेले, आणि नानांच्या घरची ही बाई कृष्णेच्या घाटावर स्नानास उतरत राहिली. तिच्या हातचा उतारा कोणी छापलेला नाहीं. तिच्या विषयींचे कागद आहेत ते सारे नेमणुकीचे, तहाचे व अर्जांचे. पुरुषांच्या हिशेबांतून बाईचें आयुष्य जितकें दिसावें तितकेंच येथें दिसतें.

परंतु तिच्या असण्याचा एक परिणाम मात्र स्पष्ट आहे, व तो आम्हां अभ्यासकांच्या पदरीं पडलेला आहे. नानांकडे जन्मभर येत राहिलेल्या पत्रांचा मोठा सांठा मेणवलीच्या वाड्यांत राहिला. पुण्यांतील सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. त्यांतहि दुसऱ्या बाजीरावाच्या काळचे कागद अव्यवस्थित, असा तें ताब्यांत घेणाऱ्या अधिकाऱ्याचा अभिप्राय होता. मेणवलीचें दप्तर खाजगी, म्हणून तें घरांतच राहिलें. वाडा जर कायमचा जप्त झाला असता, किंवा ओसाड पडला असता, तर त्या रुमालांचें काय झालें असतें हें सांगण्यास ज्योतिषी नको. वाईच्या परिसरांतील ओल, वाळवी, आणि बंबांत घालावयास जुने कागद बरे असें समजणारी पुढची पिढी, यांनीं मिळून महाराष्ट्रांतील किती वाड्यांचा इतिहास खाल्ला आहे तें सर्वांस माहीत आहे. घर नांदतें होतें म्हणून दप्तर वांचलें, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें काढलेला पानिपताच्या काळच्या पत्रांचा पहिला खंड हाहि वाईंतील एका वाड्यांत मिळालेल्या कागदांवरूनच निघाला, हें येथें आठवतें.

मेणवलीच्या कागदांस वाचा फुटली ती दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हातून. पारसनिसांच्या कागद मिळविण्याच्या रीतीविषयीं त्यांच्या समकालीनांनीं बरेंवाईट पुष्कळ म्हटलें आहे. परंतु 'इतिहाससंग्रहा'सारखें मासिक चालवून त्यांनीं जें छापलें, तें पुढच्या प्रत्येक लेखकानें वापरलें आहे, शिव्या देणाऱ्यांनींसुद्धां. त्यांचा संग्रह साताऱ्यास १९२५ मध्यें स्थापन झालेल्या संग्रहालयांत गेला; दुसऱ्याच वर्षीं ते वारले; आणि १९३९ मध्यें तो सर्व संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत आणण्यांत आला. मेणवलीचें दप्तर म्हणून पुष्कळसे रुमाल आज तेथें आहेत. मोडी वाचतां येणारा विद्यार्थी मिळाला, तर दिल्लीचा वकील बादशहाच्या दरबारांतील सकाळची बातमी नानांस कशी कळवीत होता तें त्याला स्वतःच्या डोळ्यांनीं वाचतां येतें. असा विद्यार्थी मात्र वर्षास एखादाच मिळतो.

वाडा अजून फडणिसांच्या वंशजांकडे आहे. आम्ही गेलों त्या दिवशीं पलंग पाहून झाल्यावर बहुतेक मंडळी घाटाकडे वळलीं. आम्हीं आमच्या बरोबरच्या विद्यार्थ्यांस मागच्या चौकांत थोडें थांबविलें, आणि येथें राहणाऱ्या बाईचें नांव वहींत लिहून घेण्यास सांगितलें. एकानें विचारलें, परीक्षेंत येतें का? येत नाहीं, असें आम्हीं सांगितलें. त्यानें लिहून घेतलें.